दोन्ही डोळे उघडे

१८ ऑगस्ट १९९६, रविवार

नाही हो, खरं नाही. खेळण्यातलं आहे. खरं पिस्तूल इथे जपानात साध्या माणसाच्या हाताला लागत नाही. तुम्ही फोटोतून असे डोळे वटारू नका. दिवाळीत शेजारच्यांनी माळ लावली की दाराआड कानात बोटं घालून बसणारे तुम्ही, तुमच्या बायकोने आज पिस्तूल उडवलं म्हटल्यावर असेच बघणार.

कसं झालं ते सांगते. चंद्रप्रभाबाईंचा डबा परत द्यायला गेले होते. त्या मूळच्या अमरावतीच्या, पण तीस वर्षांपूर्वी जपानी माणसाशी लग्न केलं आणि कावासाकीच्याच झाल्या. त्यांचा मुलगा केन, असेल तिशीचा. चेहरा बापाचा, भाषा आईची. तोंडाकडे न बघता ऐकलं तर अमरावतीच्या एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटतं.

केन बॅग घेऊन निघाला होता. म्हटलं, काय रे त्यात?

"पिस्तूल हाये काकू."

"कुणाला मारायला चाललास?"

"लोखंडाच्या पाट्या मारतो आम्ही. क्लब हाये."

"चल, मीपण येते."

"तुम्ही काहून?"

"बघायला. मला इथे बघायला आहे काय दुसरं? ट्रेन नि सायकली."

स्टेशनच्या पलीकडे एक बंद पडलेला छापखाना आहे, त्याच्या माडीवर यांचा क्लब. खाली चपला काढायच्या, वर गॉगल लावायचा. आठ-दहा बाप्ये, कुणी एक शब्द बोलेना. मला वाटलं, मयताला आलेत की काय. समोर ताटलीएवढ्या पाच पाट्या. एकेक जण उभा राहतो, यंत्र पिप् करतं, की कमरेचं पिस्तूल काढून टण टण टण. शेवटची लाल काठाची पाटी वाजली की घड्याळ थांबतं. मग पळत जाऊन दुसऱ्या फळीआडून आणखी पाच. गोळी कसली म्हणाल, तर प्लास्टिकची, साबुदाण्यापेक्षा जरा मोठी.

तिथले मास्तर मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब. आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते. या लोकांची रेल्वेत एक रीत असते, सिग्नल दिसला की बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "योशी." म्हणजे ठीक आहे. दार लागलं, योशी. म्हातारा रिटायर झाला पण बोट काही रिटायर झालं नाही. क्लबातही सगळ्यांना तेच करायला लावतो. डोळ्याला गॉगल, योशी. नळी पुढे, योशी.

मी हसले तर त्याने माझ्याच हातात पिस्तूल दिलं.

पहिल्या गोळीला पाटी वाजली. केन म्हणाला, नशीब. दुसरीला पण वाजली.  पोरीच्या वयात ज्वारीत माळ्यावर उभं राहून पाखरांवर गोफण फिरवलीय मी. यांना काय माहीत.

१९ ऑगस्ट

संजीवला सांगितलं. तो कॉम्प्युटरवरून उठून आला, म्हणजे बघा.

"आई, तुझं वय काय?"

"तुझ्यापेक्षा बावीसने जास्त. काढ हिशेब."

उल्का तोंडावर पदर नाही म्हणून हात धरून हसत होती. चांगली आहे हो सूनबाई, पण नवऱ्यासमोर बोलत नाही.

याला भीती वाटते मी पडेन, धडपडेन. तुम्ही गेल्यापासून तो माझा बाप झालाय. गेल्या महिन्यात दुधाचं पातेलं सांडलं, तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही. इथलं स्वयंपाकघर आगपेटीएवढं, पातेल्याचा कान उजवीकडे आलेला मला काय ठाऊक. मग सायकलवाला आडवा आला, तेव्हापासून एकटीने स्टेशनला जायचं नाही. एकेक करून सगळं काढून घेतलं. लहान पोराच्या हातातून कात्री काढतात तसं.

मी म्हटलं, "घरातला गॅस काढून घेतलास, आता तिकडे क्लबात बघ. पिस्तुलात गॅसच भरतात. डब्यातून, फुस्स."

"काहीतरी झालं ना आई, की बंद. सांगून ठेवतो."

म्हणजे आज तरी चालू आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

आज पहिला खरा धडा. माझ्याबरोबर एक बँकेतला गोल माणूस नवीन. आमच्या दोघांच्या कमरेला पट्टा बांधला. साडीवर पट्टा बांधलेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती, कुठे बघावं ते कळेना त्यांना. मी पदर शेतात लावणीला खोचतात तसा खोचला, कॅनव्हासचे बूट घातले. तुम्ही असता तर म्हणाला असता, दमे, दरोड्याला निघालीस काय.

नियम तसे थोडेच. नळी कायम भिंतीकडे. पाटी नेमात आल्याशिवाय घोड्यावर बोट नाही. माणसाकडे नळी गेली, रिकामी असली तरी, त्या दिवसापुरता खेळ संपला. मोरिता-सान हे सांगताना हसत नाहीत. बाकी वेळीही हसत नाहीत, पण हे सांगताना जास्त.

आणि मुख्य म्हणजे दोन्ही डोळे उघडे. मला वाटायचं नेम धरताना एक डोळा मिटतात. तर इथे मिटायचा नाही, कारण पुढच्या पाट्या दिसायला हव्यात.

केनने समजावलं, "पहिले पहिले सगळ्यांले दोन दोन नळ्या दिसते काकू. घाबरू नका. त्यातली एक धरा आन् दुसरीले सोडून द्या."

बँकवाला बिचारा घामाघूम. दोन दिसतात, दोन दिसतात, म्हणून पाट्यांच्या मधून गोळ्या घालवत होता.

मी म्हटलं, "मला एकच दिसते."

"एकच?"

"एकच. आपल्याकडे एकीलाच धरून राहायची सवय असते."

केनने जपानीत सांगितलं तर सगळे हसले. मोरिता-सान हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग केन म्हणाला, सर म्हणून राहिले की असं शिकायला लोकांले वर्ष वर्ष लागते, यांच्यात उपजतच हाये.

मी मान खाली घातली. लाजल्यासारखी.

५ सप्टेंबर

आज माझा उपास होता. उल्काने फरशीवरून पांढरा दाणा उचलला, म्हणाली, आई, साबुदाणा सांडला तुमचा, आणि भिजवलेल्यात टाकला. मी बघितलं, म्हटलं गंमत होऊ दे. संजीवच्या ताटात जाईल असं नव्हतं वाटलं. दाताखाली कट्ट झालं.

"हा काय आहे?"

"काडतूस," मी म्हटलं.

तो काही हसला नाही. पण उल्का हसली, नवऱ्यासमोर, मोठ्याने. मग तिने विचारलं की या गोळ्या कोणत्या वाराच्या कचऱ्यात टाकायच्या. जळणाऱ्या की न जळणाऱ्या. त्यावर दोघांचं इतकं रंगलं की पिस्तूल राहिलं बाजूला. या देशात खून केला तरी लोक आधी विचारतील, कोणत्या वारचा कचरा.

१५ सप्टेंबर, रविवार

आज माझ्या हातून मोरिता-सानच्या अंगावर चहा सांडला. ते उजवीकडे उभे होते आणि मी ट्रे घेऊन वळले. त्यांनी शर्ट झटकला, वाकले, उलट माझीच माफी मागितली. हे लोक मार खाऊनही माफी मागतील.

पण तेव्हापासून म्हातारा माझ्या डावीकडेच येऊन उभा राहतो. शिकवताना डावीकडे. चहा घेताना डावीकडे. जिना उतरताना मुद्दाम माझ्यामागून फिरून डावीकडे आला. केनला म्हटलं, तुझ्या सरांना सांग, आमच्यात लग्नात बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते. यांना बायको व्हायचंय का माझी?

केन म्हणाला, "हे मी नाही सांगत जा."

रागावू नका हो. तुमची जागा तुमचीच आहे. पण खरंच, डावीकडेच का?

२९ सप्टेंबर, रविवार

पाट्या आता पटापट वाजतात, फक्त उजव्या टोकाची सुटते. ती शोधायला मला मान पूर्ण फिरवावी लागते आणि घड्याळ पळत राहतं. मोरिता-साननी एक युक्ती काढली. आधी उभं राहून बोटाने सगळ्या पाट्या दाखवायच्या आणि योशी म्हणायचं. एक, योशी. दोन, योशी. पाचवीला मान उजवीकडे, पार खांद्यापर्यंत, आणि मगच योशी. शंभरदा करून घेतलं असेल. बँकवाल्याला हे करायला लावलं नाही, फक्त मला. मला वाटलं, सातवी शिकलेली म्हणून जास्त अभ्यास.

वीस ऑक्टोबरला मॅच आहे. बाहेरचे लोक येणार, योकोहामाहून, सेंदाईहून. मोरिता-साननी माझं नाव घातलंय. कागदावर "दामायान्ती" असं लिहिलंय त्यांच्या लिपीत. चित्रासारखं दिसतं.

संजीव म्हणाला, मी येणार बघायला. मग जेवता जेवता म्हणाला, "आई, मॅच नीट पार पडली तर मी पुन्हा काही बोलणार नाही. स्टेशनला पण जा एकटी. पण काही गडबड झाली तर हे बंद, आणि मी म्हणेन तसं राहायचं."

"कबूल."

उल्काने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, म्हातारी इतक्या चटकन कशी कबूल झाली. नाही म्हणायची सोय कुठे होती?

१९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या खंडेनवमी. संजीवच्या कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहायचं ठरवलंय, उल्काच्या सायकलीला, तिच्या भाताच्या कुकरला. झेंडू इथे मिळत नाही, तिने शेवंती आणली. तुमचा कुऱ्हाड-विळा पूजायचा तो पाट आठवला. तुम्ही कुऱ्हाडीला आधी कपाळ लावायचे आणि मग मला म्हणायचे, घे तूही, तुझ्या तोंडापेक्षा धार कमीच आहे.

माझं हत्यार मात्र क्लबात कुलपात पडलंय. बिनपूजेचं.

बूट पुसून दाराशी ठेवलेत. पण भूक लागली नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

थोडक्यात लिहिते. एक गोळी उडवली नाही.

माडी माणसांनी भरली होती. मोरिता-सान हिशेबाच्या टेबलाशी बसले होते, आपल्याच क्लबातल्यांचं पंच व्हायचं नाही असा नियम म्हणे. माझ्यासाठी पंच योकोहामाचा एक उंच माणूस. मला वाटलं मागे आहे.

त्याने म्हटलं, भरा. मी पिस्तूल काढलं, गोळ्यांची कांडी घातली. हातात आलं आणि मला आठवलं, आज नवमी. मी ते दोन्ही हातांत आडवं धरलं, आणि कपाळाला लावलं.

"स्टॉप."

इतक्या मोठ्याने कुणी बोलताना मी त्या माडीवर ऐकलं नव्हतं. मान वळवली. तो उंच माणूस माझ्या उजव्या हाताला उभा होता, अगदी जवळ, आणि नळी त्याच्या छातीवर. भरलेलं होतं हो. प्लास्टिकचं असलं म्हणून काय झालं, त्याचा चेहरा पांढरा पडला.

खेळ संपला. त्याने पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं, अगदी हळू, दोन्ही हातांनी.

संजीव पुढे आला. "आई, काय केलंस हे? तुला दिसला नाही का तो माणूस?"

सगळी माडी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आज खंडेनवमी रे. नमस्कार केला. नमस्कार करताना डोळे मिटतो की नाही माणूस?"

 संजीवच्या तोंडावर ते हसू आलं, अगदी तुमचं, एका गालातलं. तो त्यांना जपानीत समजावून सांगायला लागला. शस्त्राची पूजा, नमस्कार, कपाळ. केनही मदतीला. सगळे म्हणाले, आ, आ, आणि वाकले. एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. नियम तो नियम, आज खेळता येणार नाही, पण कुणाच्या मनात काही राहिलं नाही.

मोरिता-सान टेबलापासून उठले नाहीत.

२१ ऑक्टोबर

दसरा. संजीवने ऑफिसातून तीन जणांना फोन करून माझा किस्सा सांगितला. उल्का म्हणाली, घरी आल्यावर पण एकटेच हसत होते. जेवताना म्हणाला, "गडबड झाली, पण ही गडबड धरत नाही मी. जात जा आई." स्टेशनला पण.

केन संध्याकाळी आला. क्लबातल्या लोकांनी ठरवलंय, येत्या रविवारी काकूंच्या पद्धतीने सगळ्या पिस्तुलांची पूजा करायची. फुलं, उदबत्ती, सगळं. "तुम्ही सांगा न काय काय लागते."

सांगितलं. जिंकले म्हणा ना. सगळं परत मिळालं. खीर केली होती उल्काने, माझ्या आवडीची, वेलदोडा घालून.

उरली.

२७ ऑक्टोबर, रविवार

टेबलावर पांढरं कापड. त्यावर सगळी पिस्तुलं रिकामी करून, नळ्या भिंतीकडे. मोरिता-साननी एकेक बोटाने तपासली, योशी, योशी. उल्काने हळद-कुंकू आणलं होतं, संजीव नारळ घेऊन उभा. चंद्रप्रभाबाई शालू नेसून आल्या होत्या. सगळे बाप्ये ओळीने पायमोज्यांवर, हात जोडून. मला हसू यायला हवं होतं.

तेवढ्यात तो योकोहामाचा उंच माणूस आला. मुद्दाम आला होता, ट्रेनने. हातात मिठाईचा डबा, कागदात गुंडाळलेला. माझ्यासमोर येऊन कमरेत वाकला आणि वाकूनच काही बोलला, लांबलचक.

मी केनकडे बघितलं.

"काकू, ते माफी मागून राहिले. म्हणते, तुम्ही प्रार्थना करून राहिल्या होत्या आन् मी आडवा आलो. मले समजायले पाहिजे होतं. तुमच्या देवासमोर मी ओरडलो."

तो अजून वाकलेलाच होता. टाळूवरचे केस विरळ झालेले दिसत होते.

 मोरिता-सान आले, माझ्या डावीकडे उभे राहिले आणि माझं पिस्तूल दाखवून म्हणाले, पूजेआधी तुम्ही एकदा. म्हणजे बोट आणि योशी. मी केलं. गॉगल, योशी. रिकामं, योशी. नळी पुढे, योशी. डावीकडे माणूस, योशी.

मग त्यांनी स्वतःच बोट लांब केलं, उजवीकडे. म्हणाले, मिगी. म्हणजे उजवीकडे, हा शब्द मला येतो. आणि थांबले. घाई केली नाही. गाडीचा गार्ड कसा थांबतो, सगळी दारं लागेपर्यंत.

तेव्हा कळलं मला, म्हातारा डावीकडे का उभा राहतो. चहा सांडला त्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं.

अहो, तुम्हाला पण सांगितलं नव्हतं मी. सगळं लिहिते, पण हे नाही लिहिलं. लिहिलं असतं तर खरं झालं असतं.

मी योशी म्हटलं नाही. केनला म्हटलं, "या माणसाला उभं राहायला सांग. आणि मी म्हणते ते शब्दाला शब्द सांग त्याला, स्वतःचं घालू नकोस."

"बोला न."

पण केनला नाही सांगितलं. संजीव माझ्या उजव्या हाताला नारळ घेऊन उभा होता, म्हणून सगळी वळले, पार खांद्यापर्यंत, तो दिसेपर्यंत. आणि म्हटलं:

"मी डोळे मिटले नव्हते रे. उघडेच होते दोन्ही. उजव्याने मला गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून काहीच दिसत नाही."